दुःखाच्या पुस्तकाचा कंटाळा

ताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सहा मैत्रिणी ठरवून एकच पुस्तक वाचतो आणि महिन्यातून एकदा भेटून त्यावर बोलतो. गेल्या वर्षभरात चार आठवणींची पुस्तकं आणि पाच कादंबऱ्या झाल्या. पुस्तक संपलं की माझं मत मी वहीत लिहून ठेवते. दोन पानं, कधी तीन. ही सवय जुनी आहे.

मध्यंतरी आम्ही एका बाईंच्या आठवणी वाचल्या. नवऱ्याचं लांबलेलं आजारपण, त्याचा मृत्यू आणि नंतरची दोन वर्षं. मला पुस्तक कंटाळवाणं वाटलं. पाच-सहा वेळा मिटून ठेवलं. रोज रात्री ती त्याच्या औषधांच्या डब्या खिडकीच्या कडेला ओळीने मांडते, आणि तो गेल्यावरही आठवडाभर मांडत राहते, तो भाग लक्षात राहिला. पण शेवटची ऐंशी पानं म्हणजे नुसते धडे आणि आभार. मी भेटीत तसं म्हणाले. त्यावर आमच्यातली एक ताडकन म्हणाली, "कुणाच्या दुःखाला कंटाळवाणं म्हणताना तुला काहीच वाटत नाही?" (तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले.) सगळ्या गप्प झाल्या. तेव्हापासून मीही गप्पच असते.

पुढच्या महिन्यात सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एक जाडजूड कादंबरी मी दीडशे पानांवर सोडून दिली आणि भेटीत मात्र "छान आहे" म्हणाले. त्यानंतरची कादंबरी मला मनापासून आवडली. मग लेखकाची मुलाखत वाचली. हे सगळं आमच्याच घरात घडलेलं आहे, आई माझीच, बहीण माझीच, तिचा मोडलेला संसारही खरा, असं तो सांगत होता. त्या दिवसापासून फसवल्यासारखं वाटतंय.

माझी मतं चुकीची आहेत का? की मतं बरोबर आहेत, फक्त मी ती बोलून दाखवायला नको होती?

– वहीत लिहिणारी

* * *

वहीत लिहिणाऱ्या मैत्रिणीस,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कंसातल्या वाक्यापाशी थांबले. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पुस्तकांची नावं तुम्ही कळवली होती, ती मी इथे छापत नाही. त्या तीन पुस्तकांच्या जागी दुसरी तीन असती तरी तुमचा प्रश्न हाच राहिला असता.

आधी सरळ उत्तर देते. मत असणं हा उद्धटपणा नाही. एखादं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून, मग वहीत दोन पानं लिहिण्याइतकं ज्याने मनावर घेतलं, त्याने त्या पुस्तकाचा मान आधीच राखलेला आहे. न वाचता "वा, काय धाडस!" म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा, वाचून "इथे मला कंटाळा आला" म्हणणारा एक वाचक कुठल्याही लेखकाला जास्त मोलाचा वाटेल. लेखकाने तसं कबूल केलं नाही, तरीही.

आता आठवणींच्या पुस्तकाकडे येऊ. तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे: पुस्तकाला कंटाळवाणं म्हटलं म्हणजे त्या बाईंच्या दुःखाला कंटाळवाणं म्हटलं. जगणं आणि सांगणं एकच मानलं की असं होतं. आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्या भाषेतल्या मोठ्या आत्मकथनकारांनी फार आधी ओळखलं होतं. विश्राम बेडेकरांनी 1984 साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राला 'एक झाड आणि दोन पक्षी' हे नाव दिलं. ही प्रतिमा मुंडकोपनिषदातली. एकाच झाडावर दोन पक्षी बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. आत्मचरित्राची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे मिळालेली नाही. त्याआधी 1978 साली दया पवारांच्या 'बलुतं'ने हेच वेगळ्या रीतीने केलं. तिथे दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी दया पवार नावाच्या शिकल्या-सवरल्या लेखकाला ऐकवतो. दोघेही एकच. ज्याने सोसलं तो एक आणि जो ते मांडतो तो दुसरा, हे अंतर त्यांनी लपवलं नाही. ते अंतरच पुस्तकाचा कणा झालं.

म्हणून आठवणींच्या पुस्तकाबद्दल बोलताना आपण फळ खाणाऱ्या पक्ष्याबद्दल बोलत नसतो. त्याच्यापुढे आपण फक्त मान खाली घालू शकतो. आपण बोलतो ते पाहणाऱ्या पक्ष्याबद्दल. त्याने काय पाहिलं? काय बघायचं टाळलं? कुठे डोळे मिटून घेतले? हे विचारण्याचा हक्क त्याने पुस्तक छापून आपल्याला दिलेला असतो. तो वापरला नाही तर पुस्तक उरत नाही, फक्त सांत्वनाला जाणं उरतं.

दुःख मोठं असलं म्हणजे पुस्तक मोठं होतंच असं नाही. आणि दुःख सांगायला रडवेला सूर लागतोच असंही नाही. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवऱ्याचं धर्मांतर, त्यापायी आलेली वर्षानुवर्षांची ताटातूट, आप्तांनी फिरवलेली पाठ, असं सगळं त्या आयुष्यात आहे. तरी वाचताना आपण पानोपानी हसतो. लक्ष्मीबाई स्वतःच्या वेडेपणावर हसतात, नवऱ्याच्या लहरींवर हसतात, आणि मग एखाद्या साध्या वाक्यात असं काही सांगून जातात की हसू तसंच ओठांवर थांबतं. तिथे पाहणारा पक्षी पूर्ण जागा आहे. त्या पुस्तकाबद्दल आजही आपण बोलतो ते लक्ष्मीबाईंनी किती सोसलं याचं मोजमाप करून नव्हे. त्यांनी ते जसं सांगितलं, त्यामुळे बोलतो.

शेवटच्या ऐंशी पानांबद्दलची तुमची तक्रार मला रास्त वाटते, आणि ती तुम्ही नेमकी केली आहे. धडे आणि आभार. आठवणींची कितीतरी पुस्तकं इथेच घसरतात, त्याचं एक कारणही आहे. कादंबरीकार आपल्या गोष्टीचा शेवट ठरवू शकतो. आठवणी लिहिणारा माणूस अजून जगत असतो, त्याच्या गोष्टीला शेवट आलेलाच नसतो. पण पुस्तक तर कुठेतरी संपवावं लागतं. मग घटनांतून शेवट सापडत नाही तेव्हा तो विचारांतून आणला जातो: मी काय शिकले, मला कोणी सावरलं, आता मी आयुष्याकडे कशी पाहते. यात खोटं काही नसतं. लिहिणाऱ्या माणसाला त्या क्षणी ते मनापासून वाटत असतं. पण डब्यांची ओळ मांडणारी बाई आपल्याला जिथे घेऊन गेली होती तिथून हे धडे आपल्याला बाहेर काढतात, आणि आपल्याला तर आणखी थोडा वेळ तिथेच थांबायचं असतं. तुम्हाला जाणवलं ते हेच असावं, असं मला वाटतं.

आता एका शब्दावर मात्र मी बोट ठेवणार आहे. कंटाळा.

तुम्ही लिहिता, पुस्तक पाच-सहा वेळा मिटून ठेवलं. याचा अर्थ पाच-सहा वेळा उघडलंही. आणि औषधांच्या डब्या तुम्हाला इतक्या स्पष्ट आठवतात की खिडकीची कडसुद्धा पत्रात आली. ज्या पानाचा खरोखर कंटाळा येतो त्यातलं असं काही मागे राहत नाही. कंटाळ्यात डोळे ओळींवरून घसरत जातात, पान उलटल्यावर लक्षात येतं की मागचं काहीच वाचलेलं नाही, आणि परत मागे जावंसंही वाटत नाही. पुस्तक मिटून उठावं लागणं ही वेगळी गोष्ट आहे. कधी मजकूर इतका जवळ येतो की मधे थोडं अंतर ठेवावं लागतं. तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी म्हणत नाही. स्वतःबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही आणि मला अंदाज बांधायचा नाही. फक्त एवढं करा. ते पुस्तक पुन्हा हातात घ्या आणि कुठल्या कुठल्या पानांवर मिटलं होतं ते आठवून पाहा. सगळी पानं त्या शेवटच्या ऐंशीतली निघाली तर तुमचा शब्द बरोबर आहे, तो बदलू नका. त्यातली दोन-तीन आजारपणाच्या भागातली निघाली तर तुमच्या वहीत एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या करायला हव्यात.

हे मी अनुभवाने सांगते आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाने आपल्या वडिलांच्या विस्मरणाच्या आजारावर लिहिलेलं पुस्तक मी वाचलं होतं. समासात पेन्सिलीने एका ठिकाणी लिहिलं होतं, "तेच ते." मुलगा पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगतो: वडील दाराशी येतात, कडी पाहतात, विचारतात की दार लावलं का. पुढे माझ्या वडिलांना तोच आजार झाला. ते गेल्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा काढलं. समासातला शब्द पाहून बराच वेळ पुढे वाचवेना. तेच ते, हेच तर त्या आजाराचं खरं रूप होतं. लेखकाने ते पानांत उतरवलं होतं आणि मी त्याचा दोष काढला होता. तो शेरा मी खोडला नाही. त्याखाली नवी तारीख घालून दुसरा लिहिला.

पण त्याच पुस्तकात एक प्रकरण होतं, डॉक्टरांशी झालेल्या लांबलचक संवादांचं. तिथे मी पहिल्या वाचनात लिहिलं होतं, "असं कुणी बोलत नाही." दुसऱ्या वाचनातही ते तसंच वाटलं. तोवर मी स्वतः तशा खोल्यांमध्ये बसून आले होते, त्यामुळे उलट जास्तच खात्रीने वाटलं. काही मतं आपल्या वयाची आणि अनुभवाची असतात. आयुष्य बदललं की तीही बदलतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही मतं मजकुराची असतात, ती टिकतात. कुठलं मत कोणत्या जातीचं हे वाचून उठल्या उठल्या कळत नाही. म्हणूनच तुमच्या वहीला किंमत आहे. मतापुढे तारीख घालत नसाल तर घालायला लागा.

दीडशे पानांवर सोडलेल्या कादंबरीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पुस्तक अर्धवट सोडणं हा गुन्हा नाही. "छान आहे" म्हणणं मात्र मला खटकलं. तुमच्या पूर्ण पत्रात हेच एक वाक्य तुमचं नाही. "दीडशे पानांपर्यंत गेले, पुढे जाववलं नाही" हे पुरेसं होतं, आणि एखाद्या मैत्रिणीला त्यातून बोलायला वाट मिळाली असती. फक्त, सोडलेल्या पुस्तकाबद्दलचं मत वाचलेल्या पानांपुरतंच असतं, तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या कादंबऱ्या सुरुवातीची बरीच पानं वाचकाला आपली चाल शिकवण्यात घालवतात. माणसांची गर्दी झाली म्हणून सोडली असेल तर एका कागदावर नावं आणि नाती लिहून पुन्हा एकदा प्रयत्न करा. पुढे काय सांगणार हे सगळं आधीच कळून चुकलं म्हणून सोडली असेल तर खुशाल सोडा.

तिसरं पुस्तक मला यात सगळ्यात गुंतागुंतीचं वाटतं, कारण फसवणुकीची भावना तिथे आहे आणि फसवणूक नेमकी कोणी केली ते दिसत नाही.

फिलीप लजन या फ्रेंच अभ्यासकाने 1975 साली आत्मचरित्राचा करार अशी कल्पना मांडली. आत्मचरित्र म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द: मुखपृष्ठावर ज्याचं नाव आहे, जो आत बोलतो आहे आणि ज्याची गोष्ट चालू आहे, तो माणूस एकच आहे. कादंबरी हा शब्द देत नाही. इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. पण कादंबरीने अगदी लहानपणापासून आत्मचरित्राचे कपडे घातलेले आहेत. 1719 साली 'रॉबिन्सन क्रूसो' आली तेव्हा तिच्यावर डॅनिअल डीफोचं नाव नव्हतं. ही हकीकत क्रूसोने स्वतः लिहिली आहे, असं छापलेलं होतं. 1847 च्या 'जेन एअर'च्या शीर्षकाखाली "एक आत्मचरित्र" असे शब्द होते. म्हणजे कादंबरी म्हणत होती, मी खरी आहे. तुमचा लेखक उलट्या दिशेने गेला: खरं होतं, त्याला त्याने कादंबरी म्हटलं. या प्रकारालाही नाव आहे. सर्ज दुब्रोव्हस्की या फ्रेंच लेखकाने 1977 साली आपल्या एका पुस्तकासाठी 'ऑटोफिक्शन' हा शब्द घडवला, आणि आता तो सगळीकडे रुळला आहे.

करार मोडल्यावर काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. अमेरिकेत जेम्स फ्रे याने 2003 साली व्यसनातून बाहेर पडल्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पुस्तक लाखोंनी खपलं. 2006 च्या जानेवारीत उघड झालं की त्यातले महत्त्वाचे प्रसंग वाढवून किंवा रचून सांगितलेले आहेत. जो तुरुंगवास पुस्तकात जवळपास तीन महिन्यांचा होता तो प्रत्यक्षात काही तासांचा निघाला. प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. आता गंमत पाहण्यासारखी आहे. आठवणी खोट्या निघाल्या तर वाचक पैसे परत मागतात. कादंबरी खरी निघाली तर कुणी मागत नाही. उलट मुलाखतीत लेखक ते अभिमानाने सांगतो आणि मलपृष्ठावर "सत्य घटनेवर आधारित" असं छापलं की विक्री वाढते. तुम्हाला मात्र तिथेच बोचलं, आणि ही बोच मला फार मोलाची वाटते.

आधी एक बाजूला काढते. खरं म्हणजे शब्दशः खरं, अशी अपेक्षा कुठल्याच आठवणींकडून करू नका. 1986 साली 'चॅलेंजर' अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली. दोन-अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा विचारलं. पुष्कळांची नवी उत्तरं जुन्या कागदाशी जुळली नाहीत, आणि तरीही ती ठाम खात्रीने दिलेली होती. आठवण ही आपण दर वेळी नव्याने रचत असतो. तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचा संवाद अवतरणचिन्हांत देणारा लेखक लबाड नसतो. न घडलेला तुरुंगवास सांगणारा मात्र लबाडच. पहिला चुकतो, दुसरा शब्द मोडतो.

मग तुमच्या कादंबरीकाराने कुठला शब्द मोडला? वाचक म्हणून तुम्हाला दिलेला एकही नाही. वाचताना जे तुम्हाला भिडलं ते पानांवर होतं आणि आजही तिथेच आहे. मुलाखतीने त्यातलं अक्षरही बदललेलं नाही. वहीतलं तुमचं पहिलं मत खरं होतं, ते मागे घेऊ नका.

बोच आहे ती दुसऱ्या जागी, असं मला तुमच्या पत्रातल्या शब्दांवरून वाटतं. तुम्ही लिहिलं, "बहीण माझीच, तिचा मोडलेला संसारही खरा." तुम्हाला लेखकाची चिंता नाही, त्या बहिणीची आहे. कादंबरीतली बहीण तुमच्यासाठी एक पात्र होती, तिच्या अंथरुणापाशी उभं राहून तुम्ही तिचं रडणं ऐकलं, आणि आता कळतंय की ती कुठेतरी चालते-बोलते आहे आणि तिला कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे. अगदी माणुसकीची अस्वस्थता आहे ही. पण पुस्तक कसं आहे याचं उत्तर त्यातून निघत नाही. ती वहीत वेगळ्या पानावर लिहा.

या प्रश्नाशी लेखकही झगडतात. आनी अर्नो या फ्रेंच लेखिकेला, ज्यांना 2022 चं नोबेल मिळालं, वडिलांवर लिहायचं होतं. त्यांनी आधी कादंबरी सुरू केली आणि मध्येच सोडून दिली. कष्टात गेलेल्या त्या आयुष्याला कलेचा साज चढवण्याचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी वडिलांचे शब्द, हावभाव, आवडीनिवडी गोळा करून, एकही अलंकार न वापरता, सपाट भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. ते 1983 साली आलं. कादंबरी की आठवणी, हा त्यांच्यापुढे नुसता साहित्यप्रकाराचा प्रश्न नव्हता. वडिलांशी इमान कसं राखायचं, हा होता.

तुमच्या लेखकाने इमान राखलं की नाही हे मुलाखतीतून कळणार नाही. पुस्तकातून बरंच कळेल. त्या बहिणीचे प्रसंग पुन्हा वाचा. तिला तिची स्वतःची कारणं दिलेली आहेत का? निवेदकाला न आवडणारं, त्याला चुकीचं ठरवणारं एखादं वाक्य तिच्या तोंडी आहे का? ती खोलीत एकटी असताना कशी असते, याची लेखकाने कधी कल्पना केली का? की तिचा संसार मोडतो तो केवळ भाऊ किती हळवा आहे हे आपल्याला दिसावं म्हणून? पहिलं असेल तर त्याने बहिणीला निदान पानांवर तरी न्याय दिला. दुसरं असेल तर तुमची बोच खरी ठरते, आणि मग ती वाचकाची बोच म्हणून भेटीत उघडपणे मांडता येते, पान दाखवून.

पान दाखवून, हे मी मुद्दाम म्हणते. भेटीत बोलताना आधी पान उघडा, तिथल्या चार ओळी वाचा, आणि मग मत सांगा. "पुस्तक कंटाळवाणं आहे" या वाक्यावर कुणी फक्त हो किंवा नाही म्हणू शकतं, किंवा दुखावू शकतं. "या पानापर्यंत मी तिच्यासोबत होते, इथून पुढे ती मला दिसेनाशी झाली" या वाक्यावर बोलता येतं. दुसरी मैत्रीण म्हणेल, मला तर याच पानावर ती दिसली. मग दोघी मिळून त्याच चार ओळींकडे पाहतील. मत बोथट करा असं मी सांगत नाही. उलट ते इतकं टोकदार करा की ते नेमकं एका जागी टेकेल, आसपासच्या माणसांना लागणार नाही.

आणि आता ते कंसातलं वाक्य.

तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. तुम्ही ते कंसात लिहिलंत, जसं आपण एखादी बाजूची माहिती देतो. पण त्या दिवशी त्या खोलीत तीच मुख्य गोष्ट होती. तुमची मैत्रीण त्या पुस्तकाची बाजू घेत नव्हती. त्यातली बाई तिच्यासाठी पात्र नव्हती. शेवटची ऐंशी पानं तिला तुमच्याइतकीच पोकळ वाटली असतील, किंवा त्यातला एखादा धडा तिच्या एखाद्या रात्री उपयोगी पडला असेल. आपल्याला माहीत नाही. तिने ऐकलं ते एवढंच, की आजारी नवऱ्याच्या उशाशी काढलेल्या दिवसांचा ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. तीन वर्षांत तिने कितीतरी जणांच्या चेहऱ्यावर तो कंटाळा पाहिला असेल. लोक पहिले काही महिने विचारतात, मग विषय बदलतात. तुम्ही तो शब्द मोठ्याने उच्चारणाऱ्या पहिल्या ठरलात, आणि तुमच्या मनात तर तसं काहीच नव्हतं.

तुमचं मत चुकीचं नव्हतं. ते बोलायला नको होतं असंही मला वाटत नाही. पण बोलण्याआधी एकदा तिच्याकडे पाहायला हवं होतं. इतकंच, आणि हे छोटं नाही.

गप्प बसून मात्र यातलं काहीच सुटणार नाही. तुम्ही गप्प झालात की तिला वाटणार, हिला राग आला. तिला एकटीला भेटा, बाकीच्या चौघी नसताना. मतामागची कारणं देऊ नका, जगणं वेगळं आणि सांगणं वेगळं हेही समजावू नका. ते मी तुमच्यासाठी लिहिलं आहे, तिच्यासाठी नाही. "त्या दिवशी मी पुस्तकाबद्दल बोलत होते, पण तुला काय ऐकू आलं असेल ते मला नंतर कळलं" एवढं म्हणा. मग त्या औषधांच्या डब्यांचं पान तुमच्या मनात कसं राहिलंय ते तिला सांगा. आणि तिने काय काय तसंच मांडून ठेवलं होतं, किती दिवस, ते ती सांगायला लागली तर ऐकत बसा.

तुमची,
ताई